इमारतीतील दिवसाचा प्रकाश काढताना तासाची हवामाननोंद कुठे अपुरी पडते

एखादी इमारत कागदावर असतानाच तिच्या खोल्यांत वर्षभर किती उजेड येईल, हे संगणकावर काढता येते. त्यासाठी इमारतीचा त्रिमितीय आराखडा लागतो, भिंती, छत आणि काच किती प्रकाश परतवतात व किती आत सोडतात याचे आकडे लागतात, आणि त्या ठिकाणच्या आकाशाची वर्षभराची नोंद लागते. पहिल्या दोन गोष्टींवर वास्तुविशारद आणि अभियंते भरपूर मेहनत घेतात. तिसरी गोष्ट मात्र बहुधा तयार फाइल म्हणून उतरवून घेतली जाते आणि तिच्यात नेमके काय भरले आहे, हे क्वचितच कोणी उघडून पाहते. उत्तराचा मोठा भाग त्या फाइलवर अवलंबून असल्यामुळे ही उपेक्षा महागात पडू शकते.

प्रचलित फाइल ईपीडब्ल्यू या स्वरूपाची असते. एनर्जीप्लस या ऊर्जा-सिम्युलेशनच्या कार्यक्रमासाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीस हे स्वरूप ठरवले गेले आणि आज जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर ते वाचते. तिच्यात ८,७६० ओळी असतात, म्हणजे वर्षातल्या प्रत्येक तासाला एक. हे वर्षही सहसा कोणते एक खरे वर्ष नसते. अनेक वर्षांच्या नोंदींतून प्रत्येक महिन्याचा त्यातल्या त्यात प्रातिनिधिक नमुना निवडून बारा महिने एकापुढे एक जोडलेले असतात. प्रकाशाच्या गणितासाठी प्रत्येक ओळीतले दोन आकडे सर्वांत महत्त्वाचे असतात. सूर्याकडे तोंड केलेल्या पृष्ठभागावर थेट सूर्याकडून पडणारे प्रारण हा पहिला, आणि उरलेल्या आकाशाकडून आडव्या पृष्ठभागावर येणारे विसरित प्रारण हा दुसरा. हे दोन्ही आकडे त्या ओळीच्या वेळेआधीच्या पूर्ण तासाचे असतात. अकराच्या ओळीत दहा ते अकरा या तासात जमा झालेली ऊर्जा असते, आणि त्या तासात आकाशात काय काय घडून गेले याचा मागमूस त्या आकड्यात उरत नाही.

तुटक ढगांचा एक तास घेऊ. सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंश वर आहे. तासाचा निम्मा वेळ तो मोकळा आहे आणि थेट प्रारण दर चौरस मीटरला ८०० वॅट, तर विसरित १२० वॅट आहे. उरलेला निम्मा वेळ सूर्य दाट ढगाआड आहे, त्यामुळे थेट प्रारण शून्य आणि विसरित २८० वॅट आहे. फाइलमध्ये या तासासाठी काय लिहिले जाईल? थेट ४०० आणि विसरित २००. बेरजेच्या दृष्टीने यात काहीही चूक नाही. पण सिम्युलेशनमध्ये या दोन आकड्यांवरून आकाशाचा कोणता भाग किती तेजस्वी आहे हे ठरवावे लागते, आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी रिचर्ड पेरेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेले प्रतिमान (मॉडेल) वापरले जाते. हे प्रतिमान थेट आणि विसरित प्रारणाच्या प्रमाणावरून आकाशाला स्वच्छतेच्या आठ वर्गांपैकी एकात बसवते; पहिला वर्ग पूर्ण झाकोळलेल्या आकाशाचा, आठवा अगदी निरभ्र आकाशाचा. आपल्या उदाहरणातले मोकळे अर्धे तास सातव्या वर्गात जातात आणि ढगाळ अर्धे तास पहिल्या वर्गात. सरासरीचे आकडे दिले की उत्तर येते पाचवा वर्ग, म्हणजे पातळ धुरकट पडद्यातून मंदपणे दिसणारा सूर्य. त्या तासात एक मिनिटभरही तसे आकाश नव्हते, आणि तरीही खोलीतला उजेड त्याच आकाशावरून काढला जातो. हे प्रतिमान त्या-त्या क्षणीच्या आकाशाच्या मोजमापांवरून बांधलेले आहे, त्यामुळे त्याला तासाची सरासरी पुरवणे हे मुळातच त्याच्या स्वभावाविरुद्ध आहे.

हा दोष नेमका कुठे बाधतो, हे समजून घेतले नाही तर लोक एक तर सरसकट घाबरतात किंवा सरसकट दुर्लक्ष करतात. एखाद्या टेबलावर वर्षभरात एकूण किती प्रकाश पडला, एवढेच हवे असेल तर तासाची नोंद बऱ्यापैकी बरोबर उत्तर देते, कारण बेरीज करताना सरासरीतून फारसे काही निसटत नाही. अडचण तेव्हा सुरू होते जेव्हा मध्ये एखादी मर्यादा येते, म्हणजे अमुक लक्सच्या (पृष्ठभागावर किती उजेड पडतो याचे एकक) खाली गेले की दिवा लावायचा, अमुकच्या वर गेले की पडदा खाली घ्यायचा, डोळे दिपले की ती वेळ मोजायची.

दिव्याचेच पाहू. टेबलावर ५०० लक्स हवेत आणि कमी पडेल तेवढेच दिवा भरून काढतो, अशी सेन्सरवर चालणारी व्यवस्था आहे असे समजू. अर्धा तास खिडकीतून ९०० लक्स येत आहेत आणि अर्धा तास २००. पहिल्या अर्ध्या तासात दिव्याची गरज नाही. दुसऱ्या अर्ध्या तासात ३०० लक्स कमी पडतात, म्हणजे दिव्याला पूर्ण क्षमतेच्या ६० टक्क्यांवर चालावे लागते. संपूर्ण तासाचा हिशेब केला तर पूर्ण क्षमतेच्या ३० टक्के वीज लागली. आता सरासरी घ्या: ५५० लक्स. मर्यादेच्या वर असल्यामुळे सिम्युलेशन सांगते की या तासात दिव्याची गरजच नव्हती. मोकळ्या अर्ध्या तासातले जास्तीचे ४०० लक्स ढगाळ अर्ध्या तासाला उसने दिले गेले, आणि प्रत्यक्षात प्रकाश असा साठवून ठेवता येत नाही.

या चुकीची दिशा नेहमी एकच असते, आणि ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जास्तीचा प्रकाश वीज वाचवत नाही, पण कमी पडलेला प्रकाश वीज खातो. असे एकतर्फी नाते असले की सरासरीवरून काढलेली गरज खऱ्या गरजेपेक्षा कमी किंवा फार तर तेवढीच निघते, जास्त कधीच निघत नाही. म्हणून वर्षभरातल्या चुका एकमेकींना खोडून काढतील, या आशेला आधार नाही. वाल्केनहॉर्स्ट, ल्यूथर, टिमर आणि राइनहार्ट यांनी २००२ मध्ये तासाच्या आणि मिनिटाच्या प्रारणनोंदींची तुलना करून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच दिसले, की प्रकाशानुसार आपोआप चालणाऱ्या दिव्यांची वार्षिक विजेची गरज तासाच्या नोंदीतून कमी भासते. ज्या प्रकल्पाचा खर्च अशा दिव्यांमुळे होणाऱ्या बचतीवर बेतलेला असतो, तिथे ही तूट सरळ पैशांची तूट होते.

आतापर्यंत ढगांविषयी बोललो. पण तासाच्या पायरीने चालताना आणखी एक गोष्ट निसटते, ती म्हणजे सूर्याची चाल. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, कारण त्यांचे उपायही वेगळे आहेत. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. त्याची तबकडी आपल्याला साधारण अर्ध्या अंशाची दिसते. तेव्हा तासाभरात तो स्वतःच्या रुंदीच्या जवळजवळ तीसपट अंतर कापतो, आणि तासाच्या सिम्युलेशनमध्ये मात्र तो त्या तासाच्या मध्यावर एकाच जागी खिळून बसलेला असतो. दोन उभ्या फळ्यांमधून एखाद्या खुर्चीवरून आकाशाची फक्त ५ अंश रुंदीची फट दिसते असे समजा. सूर्य त्या फटीतून सुमारे २० मिनिटांत पार होईल. तासाच्या पायरीत दोनच शक्यता उरतात. खिळलेला सूर्य फटीत सापडला तर त्या माणसाचे डोळे पूर्ण तासभर दिपले असे नोंदले जाईल, आणि फटीबाहेर असला तर त्याला काहीच त्रास झाला नाही असे. वर्षभराची बेरीज योगायोगाने बरोबर येईलही, पण त्या खुर्चीवर नेमका कोणत्या वेळी त्रास होतो हे समजणार नाही. वास्तुविशारदाला तर नेमके तेच कळायला हवे असते.

यातली दिलासा देणारी बाब अशी, की सूर्याची जागा मोजावी लागत नाही. तारीख, वेळ, अक्षांश आणि रेखांश माहीत असले की ती सेकंदापर्यंत अचूक काढता येते. म्हणून हाती तासाचीच नोंद असली तरी सूर्याला पाच किंवा दहा मिनिटांच्या पायऱ्यांनी चालवण्याला काहीच हरकत नाही. त्या वेळी प्रारणाचे आकडे मधल्या मिनिटांसाठी सरळ रेषेत जोडण्यापेक्षा आधी निरभ्र आकाशात त्या क्षणी किती प्रारण असते हे काढावे, प्रत्यक्ष नोंद त्याच्या कितव्या हिश्शाची आहे ते पाहावे आणि तो हिस्सा मिनिटांमध्ये पसरवावा. असे केल्याने सकाळ-संध्याकाळचा चढउतार बराच नैसर्गिक राहतो. ढग मात्र यातून परत येत नाहीत. सरासरीत एकदा विरघळलेले ढग कोणत्याही जोडगणिताने पुन्हा वेगळे काढता येत नाहीत, आणि दहा मिनिटांची फाइल तयार झाली म्हणजे दहा मिनिटांची माहिती मिळाली, हा गैरसमज मला फार ठिकाणी दिसतो.

सूर्याला बारीक पायऱ्यांनी चालवायचे ठरवले की आकाशही तेवढेच बारीक वाटून घ्यावे लागते. वार्षिक सिम्युलेशनमध्ये प्रत्येक क्षणासाठी किरणांचा माग नव्याने काढत नाहीत, कारण त्याला वेळ फार लागतो. त्याऐवजी आकाशाचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकडा पूर्ण तेजाने उजळला तर टेबलावरच्या प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश येईल, हे एकदाच काढून ठेवतात. मग प्रत्येक पायरीला त्या वेळच्या आकाशाची तेजस्विता या गुणांकांनी गुणून बेरीज करायची, एवढेच काम उरते. ट्रेगेन्झा आणि वॉटर्स यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही कल्पना आजच्या जवळजवळ सगळ्या वार्षिक प्रकाश-गणिताचा पाया आहे. आकाशाची रूढ वाटणी १४५ तुकड्यांची आहे. त्यातला प्रत्येक तुकडा साधारण १२ अंशांचा, म्हणजे सूर्याला तो ओलांडायला पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. अशा आकाशात एक मिनिटाची पायरी घेतली तरी सूर्य जिथल्या तिथेच राहिल्यासारखा होतो, आणि त्याचे तेज एवढ्या मोठ्या तुकड्यावर पसरल्यामुळे सावल्यांच्या कडाही पुसट होतात. रेडियन्स या प्रकाश-सिम्युलेशनच्या प्रणालीत हेच आकाश ५७७, २,३०५ किंवा ५,१८५ तुकड्यांमध्ये वाटता येते. २,३०५ तुकड्यांत प्रत्येकाची रुंदी सुमारे ३ अंश होते, म्हणजे सूर्याची बारा मिनिटांची वाट. ५,१८५ तुकड्यांत सुमारे २ अंश, म्हणजे आठ मिनिटांची. वेळेची पायरी आणि आकाशाचा तुकडा यांची अशी सांगड घातली नाही, तर दोघांपैकी एकावर केलेला खर्च वाया जातो. थेट सूर्यप्रकाशाचे गणित बाकीच्या आकाशापासून वेगळे काढून खऱ्या अर्ध्या अंशाच्या तबकडीने करण्याची पद्धतही रेडियन्समध्ये आहे, आणि डोळे दिपण्याचा अभ्यास करायचा असेल तर तीच वापरावी.

ढगांसाठी मात्र खरी नोंद मिळवावी लागते, किंवा तिचा विश्वासार्ह पर्याय. जमिनीवरची मोजमापे सर्वांत उत्तम. बेसलाइन सरफेस रेडिएशन नेटवर्क या जागतिक जाळ्यातली केंद्रे १९९२ पासून थेट, विसरित आणि एकूण प्रारण एकेका मिनिटाने नोंदवत आली आहेत. पण अशी केंद्रे जगभरात विरळ आहेत आणि आपली इमारत त्यांच्याजवळ असेल असे नाही. दुसरा मार्ग उपग्रहांचा. युरोपच्या मेटिओसॅट उपग्रहांची दुसरी पिढी दर १५ मिनिटांनी आणि जपानचा हिमावारी दर १० मिनिटांनी पृथ्वीच्या दिसणाऱ्या संपूर्ण भागाचे चित्र घेते, आणि त्यावरून कोणत्याही जागेचे प्रारण काढता येते. उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका काही किलोमीटरचा असतो, त्यामुळे एकाच खिडकीवरून सरकणारा लहान ढग त्यात पुरता उमटत नाही. वेळेची सरासरी टाळली तरी जागेची सरासरी आलीच. तरीही तासाच्या फाइलपेक्षा ही नोंद पुष्कळ बोलकी असते.

तिसरा मार्ग संख्याशास्त्राचा आहे. तासाच्या सरासरीवरून त्या तासातल्या मिनिटांची संभाव्य मालिका तयार करायची, आणि ती करताना तुटक ढगांच्या तासांत किती वेळा व किती वेगाने उजेड-सावली बदलते, याचे मोजमापांवरून शिकलेले नियम पाळायचे. स्कार्टव्हेट आणि ऑल्सेथ यांच्या अशा प्रतिमानात वर उल्लेखलेल्या २००२ च्या अभ्यासात सुधारणा करण्यात आली आणि डेसिम या प्रकाश-सिम्युलेशनच्या कार्यक्रमात ते वापरले गेले. असे बनवलेले एखादे मिनिट प्रत्यक्षातल्या त्या मिनिटाशी जुळणार नाही, आणि ते जुळावे अशी अपेक्षाही नसते; मिनिटांचा एकंदर चढउतार खऱ्यासारखा असणे पुरेसे असते. वार्षिक विजेचा हिशेब किंवा पडदे वारंवार वरखाली होतील का हा प्रश्न असेल, तर ही पद्धत चालते. बांधून झालेल्या खोलीत मोजलेल्या लक्सशी सिम्युलेशन ताडून पाहायचे असेल, तर मात्र त्याच जागेची, त्याच दिवसाची खरी नोंद हवी.

बारीक नोंद हाती आली की जुन्या सवयी चुका घडवू लागतात. तासाच्या फाइलमध्ये ऊर्जा वॉट-तासांत लिहिलेली असते आणि तास एकच असल्यामुळे तोच आकडा वॉटमधल्या सरासरी प्रारणाचाही असतो; कोणी दोन्हींत गल्लत केली तरी ती लपून जाते. १५ मिनिटांच्या नोंदीत २०० वॉट-तास म्हणजे ८०० वॉट. इथे एकक तपासले नाही तर संपूर्ण वर्ष चौपट मंद होते. वेळेच्या शिक्क्याचेही तसेच आहे. नोंद त्या अंतराच्या सुरुवातीची, मध्याची की शेवटची, हे पुरवठादाराने सांगितलेले असते, पण ते वाचावे लागते. तासाच्या फाइलमध्ये हा अर्थ चुकला तर सूर्य अर्ध्या तासाने, म्हणजे साडेसात अंशांनी, ढळतो आणि पूर्वेकडच्या व पश्चिमेकडच्या खिडक्यांचे उत्तर उलट्या दिशांनी बिघडते. घड्याळाची वेळ आणि सूर्याची वेळ यांत पृथ्वीच्या कक्षेमुळे व अक्षाच्या कलामुळे वर्षभरात उणे १४ ते अधिक १६ मिनिटांपर्यंत फरक पडतो, तो वेगळाच. पंधरा मिनिटांच्या पायरीत तो दुर्लक्षिला तर सूर्य जवळजवळ एक संपूर्ण पायरी चुकू शकतो.

सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या तासाकडेही लक्ष द्यावे. त्या तासात सूर्य वीस मिनिटेच वर असेल, तर तासाच्या मध्यावर तो क्षितिजाखाली सापडतो आणि त्याचे थेट प्रारण गणितातून गळून तरी पडते, नाहीतर अत्यंत लहान संख्येने भागल्यामुळे अशक्यप्राय मोठे होते. पायरी बारीक केली की ही अडचण आपोआप लहान होते, पण नाहीशी होत नाही.

आणखी एक मोह टाळायला हवा. तुटक ढगांच्या दिवशी सूर्य मोकळा असताना आजूबाजूच्या ढगांच्या उजळ कडाही प्रकाश परतवतात, आणि आडव्या पृष्ठभागावरचे एकूण प्रारण काही क्षण निरभ्र दिवसापेक्षाही जास्त होते. कधीकधी ते वातावरणाबाहेरच्या मूल्यालाही मागे टाकते. मिनिटांच्या नोंदीत असे शिखर दिसले की उपकरणाची चूक समजून ते छाटले जाते. ते खरे असू शकते, आणि पडद्याच्या किंवा काचेच्या नियंत्रणाची परीक्षा नेमकी अशाच क्षणी होते. याच कारणामुळे एकूण प्रारणावरून थेट आणि विसरित भाग वेगळे काढणारी तासाच्या नोंदींवर बेतलेली सूत्रे मिनिटांना जशीच्या तशी लावू नयेत. मिनिटांसाठी स्वतंत्र सूत्रे आहेत, ती वापरावीत.

मग प्रत्येक वेळी मिनिटांची नोंद घ्यावी का? माझे मत असे, की नाही. आयईएस या प्रकाशयोजनेतल्या अमेरिकी संस्थेच्या एलएम-८३ या मानकात खोलीच्या किती भागाला वर्षातल्या निम्म्या वापराच्या तासांत किमान ३०० लक्स मिळतात हे मोजतात, आणि वापराचे तास सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, म्हणजे वर्षाला ३,६५० धरतात. युरोपातले ईएन १७०३७ हे मानकही वर्षातले ४,३८० प्रकाशतास हिशेबात घेते. ही मोजमापे तासांच्या भाषेत ठरवलेली आहेत आणि त्यांच्या उंबरठ्याभोवतीच्या चुका बऱ्याच अंशी दोन्ही बाजूंना पडतात. इमारतीची दिशा, खिडकीपासून आत खोलीची लांबी आणि खिडकीचा आकार ठरवायच्या टप्प्यावर तासाची फाइल पुरेशी आहे. तिथे मिनिटांचा आग्रह धरणे म्हणजे वेळेचा अपव्यय. प्रमाणपत्रासाठीचा अहवालही मानकात सांगितलेल्या पायरीनेच करावा, अन्यथा तो इतर अहवालांशी तुलनेला उरत नाही.

नियंत्रणाचा प्रश्न आला की परिस्थिती पालटते. आपोआप चालणारे पडदे ढग आला की लगेच वर जाऊ नयेत, म्हणून त्यांना काही मिनिटांचा विलंब लावलेला असतो. विजेवर गडद होणाऱ्या काचेला रंग बदलायला काही मिनिटे लागतात, आणि तोपर्यंत माणसाच्या डोळ्यांत ऊन असते. तासाच्या पायरीत हा विलंब मांडताच येत नाही. पडदा तिथे तासातून एकदाच निर्णय घेतो आणि तो तासभर टिकतो. दिवसातून चाळीस वेळा वरखाली होऊन कर्मचाऱ्यांना वैताग आणणारी व्यवस्था अशा सिम्युलेशनमध्ये अगदी शांत आणि कार्यक्षम दिसते. इथे एक मिनिटाची, निदान पाच मिनिटांची नोंद घेतलीच पाहिजे.

संगणकाचा भार वाटतो तेवढा मोठा नसतो, कारण किरणांचा माग काढण्याचे खर्चिक काम पायऱ्यांच्या संख्येवर अवलंबून नाही. वाढते ते गुणाकाराचे आणि साठवणीचे काम. २,३०५ तुकड्यांचे आकाश तीन रंगांसाठी चार-चार बाइटच्या संख्यांत साठवले, तर ८,७६० तासांना सुमारे २४० मेगाबाइट लागतात आणि ५,२५,६०० मिनिटांना सुमारे साडेचौदा गिगाबाइट. रात्रीच्या ओळी गाळल्या तर यातले जवळपास निम्मे कमी होतात, आणि काम महिन्यामहिन्याने केले तर साध्या यंत्रावरही उरकते. एनर्जीप्लसमध्ये दिव्यांचा हिशेब करायचा असल्यास ईपीडब्ल्यूच्या शीर्षकातल्या ओळीत तासाला किती नोंदी आहेत ते लिहावे लागते आणि सिम्युलेशनची पायरी तेवढीच ठेवावी लागते.

ज्यांना आपल्या प्रकल्पात याची गरज आहे की नाही हे ठरवता येत नसेल, त्यांनी संपूर्ण वर्षाच्या मागे लागण्याआधी तुटक ढगांचा एकच आठवडा निवडावा. त्याची मिनिटांची नोंद घ्यावी, तिच्यावरूनच तासाची सरासरी काढून दुसरी फाइल बनवावी, आणि तेच मॉडेल दोन्ही फाइलींवर चालवून दिव्यांची वीज, पडद्याच्या हालचाली आणि डोळे दिपल्याची मिनिटे शेजारी शेजारी मांडावीत. दोन्ही फाइलींतली ऊर्जा तंतोतंत सारखी असल्यामुळे जो फरक दिसेल तो केवळ सरासरीमुळे पडलेला असेल, आणि तो किती मोठा आहे यावरून वर्षभराची बारीक नोंद विकत घ्यायची की नाही हे ठरवता येईल.